वस्त्रांची बेगमी

मराठेशाहीच्या कारभारात जे अठरा कारखाने मोजले जात, त्यांत खजिना, जवाहिरखाना आणि अंबरखाना यांच्या बरोबरीने जामदारखाना, म्हणजे वस्त्रांचे भांडार, हाही एक स्वतंत्र कारखाना होता, आणि ज्या राज्यात छत्रपतींकडून वस्त्रे मिळाल्याखेरीज पेशव्याचे पद पक्के होत नसे, त्या राज्याने वस्त्रसंग्रहाला दौलतीचा एक भाग मानावे हे स्वाभाविकच होते. त्या जुन्या ऐश्वर्याचे मला आकर्षण नाही. त्या व्यवस्थेने गृहीत धरलेली एक समजूत मात्र आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबाने पुन्हा आपलीशी करावी, असे मला मनापासून वाटते. ती समजूत अशी की, वस्त्रांचा विचार संग्रह म्हणून करायचा असतो. एखादे वस्त्र सुटेपणी कितीही मनोहर असले, तरी संग्रहात त्याचे स्थान कोणते, ते कशाबरोबर जाईल, कोणत्या ऋतूत अंगावर येईल आणि किती वर्षे काम देईल, याची खातरजमा झाल्यावाचून ते घरात आणणे हा बिनहिशेबी खर्च होय.

आज बहुतेक शहरी घरांत कपाटे भरलेली असतात, आणि तरीही लग्नपत्रिका आली, मुलाखतीचे बोलावणे आले किंवा थंड प्रदेशाचा प्रवास ठरला की नव्याने खरेदीला निघावे लागते. कारण त्या कपाटांतील कपडे प्रसंगाप्रसंगाने, सवलतीच्या जाहिरातींच्या ओघात आणि पुष्कळदा मोबाइलच्या पडद्यावरचे चित्र पाहून आलेले असतात, आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध नसतो. यावर जो उपदेश सर्वत्र ऐकू येतो, तो मला मूलतः मान्य आहे: कोणत्याही काळात शोभतील अशी थोडी पण उत्तम मूळ वस्त्रे जमवावीत आणि दर ऋतूला त्यांत एखाददुसऱ्या निवडक वस्त्राची भर घालावी. परंतु हा उपदेश आपल्यापर्यंत पोहोचतो तो एका तयार यादीच्या स्वरूपात. पांढरा शर्ट, काळी पँट, गडद निळा कोट, वाळूच्या रंगाचा ओव्हरकोट, काश्मिरी लोकरीचा स्वेटर, ही यादी युरोपातल्या ज्या थंड शहरांत जन्मली तेथे ती योग्यच आहे. रत्नागिरीच्या जूनमध्ये किंवा नागपूरच्या मे महिन्यात तिची निम्मी कलमे आपोआप रद्दबातल ठरतात. याहून गंभीर उणीव अशी की, काय घ्यावे हे ती यादी सांगते, पण घेतलेले वस्त्र चांगले आहे हे कशावरून ओळखावे, याविषयी ती मौन पाळते. आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. ज्याला कापड पारखता येत नाही, त्याने मोजके कपडे वापरण्याचा संकल्प केला तरी तो वर्षभरात मोडतो, कारण कपडे टिकले तरच ते मोजके राहू शकतात.

कापडाची पारख ही एके काळी घरोघरी असलेली विद्या होती. कापडदुकानातल्या पांढऱ्या गादीवर दुकानदार एकामागून एक तागे उलगडीत असे, आणि समोर बसलेली गृहिणी भावाचा विषय काढण्यापूर्वी कापडाचा कोपरा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून चोळीत असे; चोळल्यावर पांढरी भुकटी पडली, तर वीण विरळ असून तिला खळीने भरीवपणा आणला आहे आणि पहिल्याच धुण्यात ती खळ निघून गेली की हाती नुसती जाळी उरणार, हे तिला तत्काळ कळे. मग ती कापड उजेडासमोर धरी, तिरके ताणून सूत सरकते का ते पाही, धुतल्यावर किती आटेल याची दुकानदाराकडून कबुली घेई आणि त्या मानाने अर्धा वार जास्त फाडायला सांगे. संशय उरलाच तर कडेचा एक धागा ओढून तो काडीने पेटवून पाहण्याचाही परिपाठ होता: कापसाचा धागा भरभर जळून मऊ राख ठेवतो, रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मांजरपाट कशाला, मलमल कशाला, पॉपलीन कोणत्या कामाला आणि केंब्रिक कोणत्या, हे ज्ञान कोणत्याही शाळेत न जाता आईकडून लेकीकडे येत असे. (ते मुलांकडे आले नाही, ही त्या परंपरेची मोठीच त्रुटी होती आणि तिचे परिणाम आजचे पुरुष भोगीत आहेत.)

आता तयार कपड्यांच्या दुकानात ताग्याला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. तरी परीक्षेचा मार्ग काही बंद झालेला नाही. शर्ट हाती घेतला की तो प्रथम उलटा करावा. शिवणीचे टाके जवळजवळ आहेत की लांब लांब, काजे दाट भरली आहेत की त्यांचे दोरे दुकानातच सुटू लागले आहेत, चौकड्यांचे कापड असेल तर खिशावरच्या रेषा अंगावरच्या रेषांशी जुळविल्या आहेत की खिसा कसाही चिकटवून दिला आहे, आणि आतल्या पट्टीवर धाग्यांचे प्रमाण काय लिहिले आहे, एवढे पाहायला दोन मिनिटे पुरतात. ज्या कारखान्याने खिशाच्या रेषा जुळविण्यासाठी जास्तीचे कापड खर्ची घातले, त्याने न दिसणाऱ्या ठिकाणीही काटकसर केली नसण्याचा संभव बराच असतो. हीच परीक्षा साडीलाही लावता येते. तिची उलटी बाजू पाहावी, लोंबणारे धागे पाहावेत, काठ आणि अंग यांचा सांधा बोटांनी चाचपावा.

किमतीचा विचारही येथेच केला पाहिजे, कारण चांगले ते महाग आणि महाग ते आपल्यासाठी नाही, या समजुतीने पुष्कळ शहाणी माणसे फसतात. समजा, दाट विणीचा आणि नीट शिवलेला सुती शर्ट १,८०० रुपयांना मिळाला आणि तो १५० वेळा अंगावर आला, तर प्रत्येक वापरामागे १२ रुपये पडले. ६०० रुपयांचा शर्ट २० वापरांत विटला आणि बेढब झाला, तर तोच दर ३० रुपयांवर जातो. हा हिशेब रोजच्या कपड्यांना निष्ठुरपणे लावावा. आईने दिलेल्या पैठणीला तो लावू नये. ते वस्त्र वापराच्या जमाखर्चात येतच नाही, आणि दहा वर्षांतून दोनदा नेसले तरी त्याचे मोल पुरेपूर वसूल झालेले असते.

वस्त्राचे आयुष्य वाढविण्याची तजवीज जुना शिंपी ते शिवतानाच करून ठेवी. पोलक्याच्या बाजूच्या शिवणीत बोटभर माया सोडलेली असे, पँटच्या मागच्या शिवणीत ती त्याहून अधिक असे, मुलींच्या परकराला आणि फ्रॉकला आतून रुंद दुमड घातलेली असे. अंग भरले किंवा उंची वाढली की टीप उसवावी, थोड्या अंतरावर नवी घालावी आणि तेच वस्त्र आणखी दोन-तीन वर्षे चालवावे, असा शिरस्ता होता. शर्टाची कॉलर मानेपाशी विरली तर ती काढून उलटी बसवून देत, आणि पाहणाऱ्याला शर्ट जुना असल्याची शंकाही येत नसे. लुगडे मध्यभागी झिजले तर तेवढा भाग काढून दोन्ही तुकडे जोडीत, आणि असे दंड घातलेले लुगडे घरकामाला बिनतक्रार नेसले जाई. ते त्याच्याही पलीकडे गेले की त्याची दुपटी, झबली आणि अखेर गोधडी होई. जे वस्त्र घराबाहेर जायचे, ते जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीच्या हाती. तिच्याइतका कापडाचा कठोर परीक्षक मी पाहिलेला नाही: उंबऱ्याबाहेर बसून ती प्रत्येक साडी उलगडी, पदरापासून निऱ्यांपर्यंत हात फिरवी, जरीला नख लावून पाही, आणि ज्या साडीला मालकीण धडधाकट समजत होती तिच्यातला विरलेला पट्टा नेमका दाखवून पातेल्याचा आकार एका अंकाने कमी करी.

कारखान्यात हजारो नग एकदम कापले जातात, तेव्हा प्रत्येक शिवणीतले अर्धे बोट कापड वाचविले की ताग्यांचे तागे वाचतात. म्हणून तयार कपड्यांत माया बहुधा नसतेच, कडेला ओव्हरलॉक मारून शिवण संपते, आणि अंगाचे माप थोडे बदलले की चांगला कपडा निरुपयोगी होतो. आजच्या वस्त्रव्यवहारातले सर्वांत मोठे नुकसान मला हेच वाटते. बाळंतपणाने, आजाराने, वयाने शरीर बदलत राहते, हा निसर्गाचा क्रम आहे. ज्या वस्त्राला त्या बदलाबरोबर बदलण्याची सोय नाही, त्याला कालातीत म्हणण्यात काय अर्थ? म्हणून माझी सूचना अशी की, संग्रहातील मूळ वस्त्रांपैकी निदान पँटी, पोलकी आणि समारंभाचे कपडे तरी शिंप्याकडून शिवून घ्यावेत आणि माया सोडण्याविषयी त्याला स्पष्ट सांगावे.

ही मूळ वस्त्रे कोणती असावीत? पुरुषांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे आणि त्यावर फार शाई खर्च करण्याची आवश्यकता नाही: पांढरे आणि फिक्या निळ्या रंगाचे सुती शर्ट, एक गडद आणि एक मातकट रंगाची पँट, खादीचा एखादा कुर्ता, आणि समारंभासाठी एक बंद गळ्याचा कोट किंवा जाकीट. स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक जणी साडीत शोधतात. मला ते पोलक्यात सापडते. पूर्वी खणाची चोळी साडीशी रंगाने मिळतीजुळती असावी असा आग्रह नव्हता. गुळेदगुड्डच्या खणाची हिरवी किंवा जांभळी चोळी इरकलीवर शोभे, तशीच दुसऱ्या कोणत्याही लुगड्यावर शोभे, आणि रंगांचा तो विरोधच डोळ्यांना सुखावी. पुढे प्रत्येक साडीला तिच्याच रंगाचे पोलके हवे असा प्रघात पडला, गावोगाव मॅचिंग सेंटरे निघाली, आणि वीस साड्यांमागे वीस पोलकी आणि तितकेच परकर असा पसारा वाढला. त्यांतली निम्मी पोलकी घट्ट झाली की निम्म्या साड्या कपाटात अडकून पडतात. काळे, मळकट पांढरे, गडद तांबडे आणि बाटलीच्या हिरव्या रंगाचे अशी चारच पोलकी उत्तम कापडाची, अस्तर लावून, मापात आणि माया सोडून शिवली, तर ती बहुतेक साड्यांना मुक्त करतात; मग साडी कोणतीही घ्यावी. सलवार-कुडत्यालाही हाच न्याय लागू पडतो: तिथे संग्रहाचा पाया म्हणजे दोन-तीन साध्या सलवारी आणि ओढण्या, रंगीबेरंगी कुडते त्यांच्या आधाराने येतील आणि जातील.

ऋतूंच्या खरेदीकडे वळताना प्रथम हे ठरविले पाहिजे की ऋतू कोणाचा धरायचा. पाश्चात्त्य वस्त्रोद्योगाने आपले वर्ष वसंत-ग्रीष्म आणि शरद-शिशिर असे दोन भागांत वाटून घेतले आहे, आणि त्या वाटणीचा माल आपल्या दुकानांत येत असल्यामुळे, मुंबईत नोव्हेंबरच्या दुपारी पारा तिशीच्या वर असताना काचेमागे लोकरी जाकिटे टांगलेली दिसतात. आपले पंचांग निराळे आहे. आपल्याकडे उन्हाळा आहे, चार महिन्यांचा पावसाळा आहे, आश्विनातला उकाडा आहे, आणि घाटमाथ्यावर व विदर्भात खरी, तर कोकणात नाममात्र अशी थंडी आहे. पावसाळ्यापूर्वी आपण धान्याची, सरपणाची बेगमी करीत असू; वस्त्रांची ऋतुमानाची खरेदी त्याच दृष्टीने करावी, म्हणजे पुढे येणाऱ्या चार महिन्यांत आपल्या संग्रहात नेमके काय अपुरे पडणार आहे ते आधी पाहावे आणि तेवढेच आणावे.

यात शास्त्राची थोडी मदत होते. प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के, उन्हाळ्यात सुती कापड घाम शोषून घेते आणि पॉलिएस्टर तो अंगावरच ठेवते, त्याचे एक मोठे कारण हेच. परंतु याच गुणामुळे जुलै महिन्यात दोरीवर टाकलेला जाड सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो. त्यामुळे सुती कापडाचा कट्टर पुरस्कर्ता असूनही पावसाळ्यासाठी एक-दोन मिश्र धाग्यांचे, लवकर वाळणारे आणि घोट्याच्या वर राहणारे कपडे घ्यावेत, असे मी निःसंकोच सांगेन; त्या चार महिन्यांत त्यांची खरी गरज असते. थंडीसाठी एक चांगली लोकरी शाल पुष्कळ वर्षे पुरते. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसण्याची चाल ही तर ऋतुमानाच्या खरेदीचा आदर्श नमुना आहे: जो रंग एरवी मंगलकार्याला वर्ज्य मानला जातो, तो उष्णता धरून ठेवतो म्हणून थंडीतल्या या सणाला मानाने अंगावर येतो. लग्नसराईची खरेदी मात्र मी ऋतूची खरेदी मानीत नाही. तीत गरजेपेक्षा दडपण अधिक असते.

या विचारावर एक आक्षेप असा येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो, की साधेपणाचा उपदेश ज्यांची प्रतिष्ठा आधीच मान्य झालेली आहे त्यांनाच परवडतो. १८७७ च्या दिल्ली दरबाराला स्वदेशीचे पुरस्कर्ते सार्वजनिक काका खादीच्या पोशाखात गेले, २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईला गांधीजींनी केवळ पंचा पत्करला. ही दोन्ही कृत्ये थोर होती, आणि दोन्हींच्या मागे असा आत्मविश्वास होता की वस्त्र उतरले तरी मान उतरणार नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांपुढे डॉ. आंबेडकर बोलले, तेव्हा त्यांचे सांगणे निराळे होते: लुगडे नेसण्याची जी रीत आणि जे जडशीळ दागिने अस्पृश्यतेची निशाणी म्हणून मिरवावे लागतात, ते टाकून द्या आणि स्वच्छ, नीटनेटक्या राहा. पुढे स्वतः त्यांनी आयुष्यभर नेटका सूट वापरला, आणि त्या सुटाचा अर्थ त्यांच्या अनुयायांना बरोबर समजला. ज्यांना शतकानुशतके कोणते कापड नेसावे आणि ते गुडघ्यापर्यंत की घोट्यापर्यंत, हे दुसऱ्यांच्या फर्मानाने ठरवून दिले गेले, त्यांच्या घरात नव्या कपड्यांची हौस दिसली तर तिला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणून मी येथे कमी कपड्यांचा पुरस्कार करीत नाही. चांगल्या कपड्यांचा करीत आहे, आणि चांगल्या कपड्यांत रुबाब येतो. उत्तम कापड, नीट माप आणि कडक इस्त्री यांनी जो मान मिळतो तो घाऊक भावाने आणलेल्या दहा नगांनी मिळत नाही, हे डॉ. आंबेडकरांचे कोणतेही छायाचित्र पाहिले तरी ध्यानात येईल.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. लोकांनी कमी घेतले तर कामगारांनी काय करावे? कापडाच्या तुटवड्याचे दिवस आपण पाहिले आहेत. १९४३ साली सरकारला कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला होता, आणि सक्तीच्या काटकसरीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु कापड अमाप खपू लागल्याने विणणाऱ्याचे आणि शिवणाऱ्याचे भले झाले, असा दाखला इतिहासात सापडत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावातल्या अडीच लाख कामगारांची जी वाताहत झाली, ती होत असताना देशात कापडाचा खप काही थांबला नव्हता. उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकले होते, जेथे मजुरी आणि संरक्षण दोन्ही गिरणीपेक्षा कमी होते. पुढे जगाचा स्वस्त कपडा शिवण्याचे काम त्याहून स्वस्त हातांच्या शोधात फिरत राहिले, आणि २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी शिवणयंत्रांवर बसणाऱ्यांना दुसऱ्या सकाळी कामावर बोलावून घेतले गेले. एका शर्टाची किंमत अमुकच्या खाली ठेवायची असे ठरले की ती कोणाच्या तरी अंगावरून वसूल करावी लागते. उलट, येवल्यात एक पैठणी विणायला महिनोन्‌महिने लागू शकतात. एका वस्त्रात किती माणसांचा किती दिवसांचा रोजगार साठविता येतो, याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे. दहाऐवजी तीन वस्त्रे घेणारा ग्राहक रोजगार नष्ट करीत नाही. तो रोजगार अधिक कुशल आणि अधिक मोबदला मागू शकणाऱ्या हातांकडे वळवू शकतो.

हे वळण आपोआप घडत नाही, ही गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ज्याच्या हाती महिन्याच्या शेवटी सहाशे रुपयेच असतात, त्याला अठराशेच्या शर्टाचा हिशेब सांगून उपयोग नाही, आणि अशा माणसाला त्याच्या खरेदीबद्दल बोल लावणे निर्दयपणाचे होईल. त्याच्यासाठी मार्ग दुसरा आहे, तो म्हणजे कापडाचा तुकडा घेऊन शिवून घेण्याचा. हातमाग आणि खादीच्या दुकानांत सवलतीच्या दिवसांत चांगले सुती कापड अजूनही आवाक्यात मिळते, आणि त्याची शिलाई धरूनही एकूण खर्च नामांकित तयार कपड्याच्या पुष्कळ खाली राहतो. अडचण येते ती शिंप्याची. ब्लाउज शिवणारे सापडतात. जुना शर्ट उसवून मापात घालायला, विरलेला कफ बदलायला, लोकरी कोटाला रफू करायला सांगितले की बहुतेक जण नकार देतात, आणि त्यांचे कारण खरे असते: या कामाला नव्या शिलाईपेक्षा वेळ अधिक, नजर अधिक, आणि मिळणारे पैसे कमी. दुरुस्तीची मजुरी नव्या शिलाईपेक्षा कमीच असावी हा दंडक कोणी घातला, हे मला कधी कळले नाही. कोटाचा खांदा उसवून पुन्हा बसविणाऱ्याला नव्या शर्टाच्या शिलाईइतकी रक्कम घासाघीस न करता देण्याची आपली तयारी असेल, तर गल्लीतला शिंपी ते काम टाळणार नाही, आणि त्याच्याजवळ बसून ते शिकायला एखादा उमेदवारही तयार होईल.